एसीतून गरम हवा? आधी गळती शोधा, मग गॅस भरा

मे महिन्याची दुपार. भातसानगरहून नाशिकच्या लग्नाला निघालेली गाडी आसनगाव ओलांडून महामार्गाला लागते. खर्डीपर्यंत एसी बरा चालतो. कसारा घाटाचा चढ सुरू होतो, पुढे मालाचे ट्रक रांगेने रांगत असतात आणि एसीच्या जाळीतून येणारी हवा हळूहळू कोमट, मग सरळ गरम होते. मागच्या सीटवर आजी आणि तान्हे बाळ. काचा खाली कराव्यात तर धूर आणि झळा. मुरबाडकडून माळशेज घाट चढणाऱ्यांनाही हा अनुभव नवा नाही.

परत आल्यावर गॅरेजमध्ये पहिले वाक्य बहुधा ठरलेले असते, ‘दादा, गॅस कमी झालाय, मारून देऊ?’ गॅस भरला जातो, हवा गार होते, पैसे दिले जातात. पुढच्या उन्हाळ्यात पुन्हा तेच. या दरवर्षीच्या गॅस भरण्यात पैसा जातो, कॉम्प्रेसरचे आयुष्य घटते आणि वातावरणाचेही नुकसान होते. शिवाय गाडीत लहान मूल, म्हातारे माणूस किंवा गरोदर बाई असेल, तर प्रश्न नुसत्या आरामाचा राहत नाही. म्हणून एसी थंड का करतो आणि करायचा का थांबतो, हे गाडी वापरणाऱ्याने एकदा समजून घ्यायला हवे.

माठ, कुकर आणि गाडीचा एसी

माठातले पाणी गार का होते, हे शाळेत शिकलेले असते. माठातून झिरपलेल्या पाण्याची वाफ होते आणि वाफ होताना ते उरलेल्या पाण्यातली उष्णता घेऊन जाते. गाडीच्या एसीतही हेच घडते. फरक इतकाच की तिथे पाण्याऐवजी लवकर उकळणारा द्रव असतो आणि त्याची वाफ बाहेर न सोडता पुन्हा पुन्हा वापरली जाते.

भारतातल्या बहुतेक गाड्यांत आर-१३४ए नावाचा वायू असतो. साध्या हवेच्या दाबाला तो उणे २६ अंशांवरच उकळतो. डॅशबोर्डच्या मागे असलेल्या कूलिंग कॉइलमध्ये तो कमी दाबाने उकळतो आणि गाडीतल्या हवेची उष्णता शोषून घेतो. ही वाफ कॉम्प्रेसर ओढून घेतो आणि दाबतो. दाब वाढला की उकळण्याचे तापमान वाढते, हे प्रेशर कुकरमुळे आपल्याला ठाऊक आहे. तसाच हा दाबलेला वायू ५५-६० अंशांनाही द्रव होऊ शकतो. म्हणून रेडिएटरच्या पुढे बसवलेल्या कन्डेन्सरमध्ये, बाहेर ४० अंशांचे ऊन असतानाही, तो आपली उष्णता बाहेरच्या हवेला देऊन द्रव होतो. तिथून ड्रायर आणि मग एक्स्पान्शन व्हॉल्व्हच्या बारीक छिद्रातून तो पुन्हा कॉइलमध्ये येतो.

थोडक्यात, एसी थंडी ‘तयार’ करत नाही. आतली उष्णता उचलून तो बाहेर टाकतो. त्यामुळे गरम हवेचे कारण चार ठिकाणी शोधायचे. उष्णता उचलली जात नाही का, ती वाहून नेली जात नाही का, बाहेर टाकली जात नाही का, की गार झालेली हवा वाटेतच पुन्हा तापते आहे?

यातून आणखी एक गोष्ट कळते. गॅस पेट्रोलसारखा जळत नाही, खर्च होत नाही. बंद नळ्यांत तोच तो फिरत राहतो. रबरी नळ्यांतून वर्षाला थोडे ग्रॅम झिरपतात हे खरे, पण चांगल्या स्थितीतला एसी कित्येक वर्षे पुन्हा गॅस न भरता चालतो. वर्षभरात गॅस ‘संपला’ असेल, तर तो कुठून तरी गळला आहे.

गॅरेजला जाण्याआधी घरच्या घरी

निम्मे निदान नुसते पाहून आणि ऐकून होते. गाडी सावलीत, मोकळ्या हवेत उभी करा. इंजिन सुरू करून एसी पूर्ण थंडवर ठेवा.

हवेचा झोत कमी आहे का? हवा गार आहे पण जोर नाही, तर गॅसचा संबंध नाही. कॅबिन फिल्टर धुळीने भरलेला असतो. बहुतेक गाड्यांत तो डॅशबोर्डच्या कप्प्यामागे असतो आणि हाताने काढता येतो. कच्च्या रस्त्यांवर आणि बांधकामांच्या धुळीत फिरणाऱ्या गाड्यांचा फिल्टर शहरातल्या गाडीपेक्षा लवकर बदलावा लागतो.

कॉम्प्रेसर लागतो का? बॉनेट उघडून एसीचे बटण दाबले की अनेक गाड्यांत ‘टक’ असा आवाज येतो आणि कॉम्प्रेसरच्या पुलीचा पुढचा भाग फिरू लागतो. तो मॅग्नेटिक क्लच. आवाजच नसेल, तर आधी फ्यूज, रिले आणि वायर पाहाव्यात. घरामागे किंवा गवताच्या गंजीजवळ उभ्या राहणाऱ्या गाड्यांत उंदराने वायर कुरतडणे ही नेहमीची गोष्ट आहे. गॅस फारच कमी असला, तरीही दाबाचा स्विच कॉम्प्रेसर चालू होऊ देत नाही. काही नव्या गाड्यांत क्लच नसतो. तिथे हे निदान स्कॅनर लावूनच होते. हात, ओढणी किंवा सैल बाही फिरत्या पट्ट्याजवळ नेऊ नका.

पंखा फिरतो का? एसी लावल्यावर कन्डेन्सरचा पंखा सुरू झाला पाहिजे. गाडी पळताना गार आणि सिग्नलला किंवा टोलनाक्यावर उभी राहिली की गरम, असे होत असेल तर पहिला संशय पंख्यावर घ्या. वेगात असताना समोरची हवा कन्डेन्सर गार करते, थांबल्यावर ते काम पंख्यालाच करावे लागते.

कन्डेन्सर स्वच्छ आहे का? पुढच्या जाळीतून टॉर्च मारून पाहा. चिखल, किडे, भाताचा पेंढा, गवताचे बी यांचा थर बसला असेल तर उष्णता बाहेर जाणार कशी? साध्या नळीच्या पाण्याने, हलक्या धारेने धुवा. जोरदार प्रेशरची धार लावली तर पातळ पत्रे वाकतात आणि तो मार्गही बंद होतो.

गाडीखाली पाणी पडते का? कोकणपट्टीच्या दमट हवेत चालू एसीखाली पाण्याचे थारोळे जमणे हे तब्येत ठीक असल्याचे लक्षण आहे. हवेतली वाफ कॉइलवर पाणी होऊन बाहेर पडते. पाणी बाहेर न पडता पायाखालची चटई ओली होत असेल, तर निचऱ्याची नळी तुंबली आहे. हाच ओलावा पुढे बुरशीचे घर होतो.

शेवटी साधा डिजिटल थर्मामीटर मधल्या जाळीत अडकवा. आतली हवा फिरवण्याचे बटण लावून, ब्लोअर मध्यम ठेवून दहा मिनिटे थांबा. बाहेर ३५ अंश असताना जाळीतून साधारण ८ ते १२ अंशांची हवा यायला हवी. फार दमट किंवा अधिक तापलेल्या दिवशी आकडा थोडा वर जातो. हा आकडा लिहून ठेवा. दुरुस्तीनंतर पुन्हा मोजला की काम झाले की नाही, हे कोणाला विचारावे लागत नाही.

कधी गरम होते, तेही बोलते

अर्धा तास गार, मग झोत कमी आणि हवा गरम, थोडा वेळ बंद ठेवल्यावर पुन्हा गार, असे होत असेल तर कॉइलवर बर्फ धरत असण्याची शक्यता असते. तापमान मोजणारा सेन्सर बिघडलेला असू शकतो किंवा फिल्टर तुंबलेला असतो. नळ्यांत ओलावा शिरला असेल तर तो एक्स्पान्शन व्हॉल्व्हच्या छिद्रात गोठतो आणि तसाच खेळ होतो.

एका बाजूच्या जाळीतून गार आणि दुसऱ्या बाजूने गरम हवा येत असेल, तर गॅस कमी असू शकतो, किंवा गार-गरम हवेचे मिश्रण करणारा पडदा अडकलेला असू शकतो. बॉनेटखालची एसीची जाड नळी हाताला थंड लागते आहे, तिच्यावर घाम आला आहे आणि तरीही आत गरमच हवा येते, तर एसी आपले काम करतो आहे. ती गार हवा हीटरवरून जाऊन तापते आहे. इथे कितीही गॅस भरला तरी उपयोग नाही.

आणि घाटातच गरम होत असेल तर? कसाऱ्याहून इगतपुरीपर्यंत सुमारे ३०० मीटरची चढण आहे. पहिल्या-दुसऱ्या गिअरमध्ये इंजिनावर भार, समोरून येणारी हवा कमी, आणि कन्डेन्सरची उष्णता थेट मागच्या रेडिएटरवर. इंजिन जास्त तापले की अनेक गाड्यांचा संगणक स्वतःच कॉम्प्रेसर बंद करतो. तो बिघाड नसून इंजिन वाचवण्याची सोय आहे. अशा वेळी आधी तापमानाच्या काट्याकडे बघा. काटा चढत असेल तर एसी बंद करा, सुरक्षित जागी गाडी थांबवा आणि तापलेल्या रेडिएटरचे झाकण उघडू नका. दर घाटात असे होत असेल, तर एसीच्या आधी कूलंट, रेडिएटर आणि पंखा तपासून घ्या.

गेजवरचा आकडा आणि सिलिंडरचे वजन

गॅरेजमध्ये निळा आणि लाल असे दोन गेज लावले जातात. निळा कमी दाबाचा, लाल जास्त दाबाचा. बाहेर साधारण ३५ अंश असताना, एसी चालू ठेवून, निळ्यावर ३० ते ४५ आणि लाल्यावर २०० ते २५० पीएसआयच्या आसपास आकडा दिसणे ठीक समजले जाते. गाडीनुसार यात फरक पडतो. दोन्ही आकडे कमी असतील तर गॅस कमी. दोन्ही जास्त असतील तर गॅस जादा, कन्डेन्सर घाण, पंखा बंद किंवा नळ्यांत हवा शिरलेली. निळा जास्त आणि लाल कमी असेल तर कॉम्प्रेसर दमलेला. निळा शून्याकडे झुकत असेल तर वाटेत अडथळा.

पण इंजिन बंद असताना गेज लावून ‘गॅस पूर्ण आहे’ किंवा ‘अर्धा आहे’ असे कोणी सांगत असेल, तर विश्वास ठेवू नका. स्वयंपाकघरातला सिलिंडर आठवा. शेगडीची ज्योत शेवटच्या दिवसापर्यंत तशीच असते, कारण आत थोडा जरी द्रव शिल्लक असला तरी दाब जवळपास तेवढाच राहतो. सिलिंडरात किती उरले, हे वजनावरूनच कळते. एसीतही तसेच आहे. ३५ अंशांवर स्थिरावलेल्या बंद गाडीत गॅस पूर्ण असो की थोडासाच द्रव उरलेला असो, दोन्ही गेज सुमारे ११५ पीएसआयच दाखवतात.

म्हणून योग्य पद्धत एकच. उरलेला गॅस यंत्राने काढून घ्यायचा आणि वजन करून भरायचा. किती ग्रॅम भरायचा, हे बॉनेटखालच्या लेबलवर लिहिलेले असते. लहान गाड्यांत तो साधारण अर्ध्या किलोच्या आतच असतो. इतक्या कमी मापात अंदाजाने ५०-१०० ग्रॅम इकडेतिकडे झाले तरी फरक पडतो. जास्त गॅस भरला म्हणजे जास्त गार, हा समज चुकीचा आहे. जादा गॅसने दाब वाढतो, थंडावा घटतो आणि कॉम्प्रेसरवर ताण येतो.

गळती शोधण्याची रीत

गॅस गळतो तेव्हा त्याच्यासोबत कॉम्प्रेसरचे तेलही बाहेर येते. त्यामुळे जोडांवर, कन्डेन्सरच्या कोपऱ्यात किंवा कॉम्प्रेसरच्या तोंडाशी तेलकट, धूळ चिकटलेला डाग दिसला तर गळती बहुधा तिथेच. डाग दिसत नसेल तर नळ्यांत नायट्रोजन दाबून साबणाच्या पाण्याने बुडबुडे पाहतात, चमकणारा रंग सोडून निळ्या दिव्याखाली तपासतात किंवा वास घेणारे इलेक्ट्रॉनिक यंत्र फिरवतात. अनेकदा दोष साध्या ओ-रिंगमध्ये किंवा गॅस भरण्याच्या व्हॉल्व्हमध्ये असतो. कधी समोरून उडालेल्या खडीने कन्डेन्सरला भोक पडलेले असते.

दुरुस्तीनंतर व्हॅक्यूम पंप लावणे टाळता येत नाही. साधारण अर्धा ते पाऊण तास हवा ओढून घेतली की आतला दाब इतका घटतो की नळ्यांतला ओलावा खोलीच्या तापमानालाच उकळून बाहेर पडतो. पंप बंद केल्यावर काटा दहा-पंधरा मिनिटे जागेवर राहिला, तर मोठी गळती नाही. नळ्या बराच काळ उघड्या राहिल्या असतील तर ड्रायरही बदलावा. तेल कमी पडून कॉम्प्रेसर जाम झाला, तर त्यातला धातूचा कीस सगळ्या नळ्यांत पसरतो. काही रुपयांच्या ओ-रिंगकडे केलेले दुर्लक्ष मग पूर्ण एसी बदलण्यापर्यंत जाते.

हे काम घरी करू नका. द्रव गॅस कातडीवर किंवा डोळ्यात उडाला तर हिमदंश होतो. उघड्या ज्योतीशी आला तर त्यातून विषारी वायू तयार होतात, म्हणून जवळ विडी-सिगारेट नको आणि मुलेही नकोत. स्वस्तातला, लेबल नसलेला गॅस कधीच घेऊ नका. २०११ मध्ये जहाजांवरच्या शीत-कंटेनरांत आर-१३४एच्या नावाने भेसळीचा गॅस भरला गेला होता. त्यातल्या मिथाइल क्लोराइडची कॉम्प्रेसरमधल्या ॲल्युमिनियमशी प्रक्रिया झाली, स्फोट झाले आणि तीन कामगार दगावले.

एका गळतीची किंमत

१९३९ मध्ये अमेरिकेतल्या पॅकार्ड कंपनीने कारखान्यातूनच एसी बसवून येणारी मोटार आणली. पुढे गाड्यांच्या एसीत आर-१२ हा वायू रूढ झाला. १९७४ मध्ये मारिओ मोलिना आणि शेरवूड रोलंड यांनी अशा वायूंमुळे ओझोनचा थर झिजतो, हे दाखवून दिले. १६ सप्टेंबर १९८७ रोजी माँट्रियल करार झाला आणि जगाने आर-१२ सोडून आर-१३४ए घेतला. तो ओझोनला त्रास देत नाही, पण उष्णता अडवण्यात भलताच वस्ताद आहे. शंभर वर्षांच्या हिशेबात एक किलो आर-१३४ए सुमारे १,४३० किलो कार्बन डायऑक्साइडइतका वातावरण तापवतो.

आपल्या गाडीतला ४०० ग्रॅम गॅस हवेत गेला, तर ते सुमारे ५७० किलो कार्बन डायऑक्साइड सोडल्यासारखे होते. म्हणजे जवळपास २५० लिटर पेट्रोल जाळल्याइतके. लिटरला १५ किलोमीटर धावणारी गाडी तेवढ्यात पावणेचार हजार किलोमीटर जाते. गळती न शोधता दरवर्षी गॅस भरणे म्हणजे न केलेल्या एवढ्या प्रवासाचा भार हवेवर टाकणे. भारताने २०२१ मध्ये किगाली दुरुस्तीला मान्यता दिली. तिच्यानुसार असे वायू २०३२ पासून टप्प्याटप्प्याने कमी करून २०४७ पर्यंत ८५ टक्क्यांनी घटवायचे आहेत. काही नव्या गाड्यांत आर-१२३४वायएफ हा सौम्य वायू येऊ लागला आहे. दोन्ही वायू एकमेकांत मिसळू नयेत, म्हणून लेबल वाचणे आता अधिकच गरजेचे झाले आहे.

मुंबईच्या रोजच्या पाण्यातला जवळपास निम्मा वाटा भातसा धरण देते आणि त्याच शहापूर तालुक्यातल्या अनेक पाड्यांवर उन्हाळ्यात टँकरची वाट पाहावी लागते. तापणाऱ्या हवेचा अर्थ इथल्या माणसाला वेगळा सांगायला नको.

गाडीतली माणसे

उन्हात बंद उभ्या गाडीचे तापमान फार झपाट्याने वाढते. अमेरिकेत २००५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात तासाभरात सरासरी २२ अंशांची वाढ दिसली. त्यातली ८० टक्के वाढ पहिल्या अर्ध्या तासातच झाली आणि काच थोडी उघडी ठेवून फारसा फरक पडला नाही. लहान मुलाचे शरीर मोठ्यापेक्षा तीन ते पाच पट वेगाने तापते. ‘दोन मिनिटांत येतो’ म्हणूनही मूल गाडीत ठेवू नये.

गाडीत बसण्याआधी दारे उघडून तापलेली हवा बाहेर जाऊ द्या, थोडे अंतर काचा खाली ठेवून चालवा, मग एसी आणि आतली हवा फिरवण्याचे बटण लावा. लांबच्या प्रवासात मात्र ते बटण सतत लावून ठेवू नका. बंद गाडीत माणसांच्या श्वासाने कार्बन डायऑक्साइड वाढतो आणि चालकाला सुस्ती येते. दर अर्ध्या तासाने काही मिनिटे बाहेरची हवा घ्या. इंजिन चालू ठेवून, एसी लावून, उभ्या गाडीत झोपणे जिवावर बेतू शकते. धुरातला कार्बन मोनॉक्साइड आत आला तर वासही येत नाही.

एसी लावताच कुबट वास येत असेल तर कॉइलवर बुरशी किंवा जंतू वाढले असण्याची शक्यता असते. दमेकऱ्यांना त्याचा त्रास होतो. फिल्टर बदला, कॉइल साफ करून घ्या आणि मुक्काम येण्याआधी पाच मिनिटे एसी बंद करून नुसता ब्लोअर चालू ठेवा, म्हणजे कॉइल वाळते. इन्सुलिन आणि इतर औषधे तापलेल्या डॅशबोर्डवर ठेवू नका.

एसी बंद पडलेल्या गाडीतून निघावेच लागले तर पहाटे किंवा संध्याकाळी निघा. अंगावर ओले कापड ठेवा, पाणी आणि ओआरएस जवळ असू द्या. चक्कर, मळमळ, पायात गोळे आले तर सावलीत थांबा. बोलणे बरळल्यासारखे झाले, शुद्ध हरपू लागली, अंग तापलेले असेल तर तो उष्माघात समजा. लगेच १०८ ला फोन करा, कपडे सैल करा, अंगावर पाणी शिंपडून वारा घाला, मानेशी आणि काखेत बर्फ ठेवा. बेशुद्ध माणसाच्या तोंडात पाणी घालू नका.

मेकॅनिकला विचारायचे चार प्रश्न

गळती कुठे होती, दाखवाल का? व्हॅक्यूम किती वेळ लावला आणि काटा टिकला का? किती ग्रॅम गॅस भरला आणि लेबलवर किती लिहिला आहे? तेल किती घातले? चांगला मेकॅनिक या प्रश्नांनी रागावत नाही, उलट त्याला बरे वाटते. उत्तरे बिलावर लिहून घ्या. पावसाळ्यात आणि थंडीतही आठवड्यातून एकदा दहा मिनिटे एसी चालवा, म्हणजे तेल फिरते राहते आणि कॉम्प्रेसरचे सील कोरडे पडत नाही. पुढच्या वर्षी तपासणी करायचीच असेल तर ती फेब्रुवारीत करा, मे महिन्यात घाटाच्या पायथ्याशी नको.